दोन डबक्या आणि तीस दिवस

२४ फेब्रुवारी २०२०, सोमवार. तालुक्याच्या कोर्टात माझं नाव पुकारलं तेव्हा मी बाहेर टपरीवर चहा पीत होतो. आधीच्या तीन पेश्यांना निकाल म्हणून बोलावून पुढची तारीख दिली होती, तेव्हा चौथ्यांदाही तेच होणार असं धरून आलो होतो. अर्धा कप तसाच ठेवून आत गेलो, पिंजऱ्यात उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, "शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का?" त्या प्रश्नाचा अर्थ कळायलाच मला थोडा वेळ लागला. दोषी ठरवून झालं होतं, ते वाक्य मी ऐकलंच नव्हतं. पहिलाच गुन्हा, शेतकरी माणूस, म्हातारी आई, असं काहीबाही माझ्या वकिलांनी सांगितलं. एक वर्ष सक्तमजुरी, दहा हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी एक महिना. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, कलम ६५ (ई), म्हणजे विनापरवाना दारू ताब्यात बाळगणं.

आमचा जिल्हा वर्धा. सेवाग्राम आमच्याकडे, म्हणून १९७५ पासून दारूबंदीही आमच्याकडे. गडचिरोलीत ती १९९३ ला आली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला आली नि २०२१ ला उठलीसुद्धा. बंदी आहे म्हणजे दारू नाही, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. आमच्याकडे मोहाची मिळते, बाहेरून आलेले पव्वेही मिळतात, फक्त भाव जास्त. मी स्वतः बंदीच्या बाजूचा. माझी आई गावातल्या दारूबंदीच्या महिला मंडळात होती आणि मी तंटामुक्ती समितीचा सदस्य होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण शिक्षा लागल्यावर गावानं सगळ्यात आधी हेच काढलं.

घटना २०१७ ची, पोळ्याच्या आदल्या दिवशीची. सणाच्या तोंडावर पोलिसांच्या धाडी वाढतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी बाजारात बैलांसाठी वेसण, गोंडे, बेगड घ्यायला गेलो होतो. शेजारच्या शेतातल्या माणसाचा फोन आला, "भाऊ, तुमच्या झोपडीत पोलीस आले हायेत, लवकर या." पोचलो तेव्हा विहिरीजवळच्या झोपडीसमोर दोन प्लास्टिकच्या डबक्या, म्हणजे कॅन, बाहेर काढून ठेवल्या होत्या. निळ्या, दहा-दहा लिटरच्या. फवारणीच्या पाण्यासाठी मी वापरतो तशाच. खरं तर माझ्याच. आत मोहाची दारू. कागदावर सही मागितली, मी केली. पंचनाम्यात लिहिलं होतं की छाप्याच्या वेळी मी झोपडीतच हजर होतो आणि "विनापास परवाना आपले ताब्यात बाळगताना मिळून आलो". हे मला अडीच वर्षांनी, दोषारोपपत्राची प्रत नीट वाचली तेव्हा कळलं. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस नेला, आणि सवड होती ती या केसनं नेली.

दारू कोणाची होती? माझी नव्हती. कोणाची असावी हे मला त्याच संध्याकाळी समजलं होतं. घरातलाच एक माणूस. पोलिसांना सांगितलं नाही, पहिल्या वकिलांना सांगितलं नाही, आणि कोर्टानं ज्या दिवशी स्वतः मला विचारलं त्या दिवशीही सांगितलं नाही. त्या दिवसाबद्दल पुढे लिहितो, कारण अपिलात सगळं तिथेच येऊन अडलं.

शिक्षा लागली त्या दिवशीचे पुढचे पाच तास मात्र आधी सांगायला हवेत. निकाल सुनावला की माणूस तिथल्या तिथे कोर्टाच्या ताब्यात जातो. मला वाटलं होतं, घरी जाऊन कपडे घेऊन यायला देतील. एका शिपायानं हाताला धरून बाजूच्या बाकावर बसवलं. माझ्या वकिलांनी तेव्हाच दोन अर्ज लिहायला घेतले. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील करायचंय असं सांगून खालच्याच कोर्टाकडून शिक्षा तात्पुरती थांबवून मिळते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९ (३). नवीन संहितेत आता ते ४३० झालंय. साहेबांनी अपिलाच्या मुदतीपुरती, म्हणजे तीस दिवस शिक्षा स्थगित केली, पण अट नवीन जामीनदाराची आणि दंड आजच भरण्याची.

दहा हजार रुपये खिशात घेऊन कोण फिरतं? साळ्याला फोन केला. तो सातबारा, आठ-अ, आधार कार्ड घेऊन तीस किलोमीटरवरून मोटारसायकलनं निघाला. वाटेत त्यानं कोणाकडून तरी हातउसने घेतले. साडेचारला पोचला. सातबारावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, म्हणून बाबूंनी कागद परत केला. मग त्याच्या बायकोच्या नावच्या दीड एकराचा सातबारा एका ऑनलाइन सेंटरवरून काढला, आणि मग तीच जामीनदार म्हणून यायला हवी असं झालं. ती आली सहाला दहा मिनिटं कमी असताना, शेतातल्याच लुगड्यावर. बंधपत्रावर सही करताना म्हणाली, "भाऊजी, जेवले का?" मी त्या प्रश्नावर रडलो. शिपाई तोंड फिरवून उभा राहिला. भला माणूस होता.

निकालाची एक प्रत त्याच दिवशी मला दिली. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट आणि लगेच द्यायची असते, हे माहीत असू द्या. बाहेर एक जण मला "नक्कल काढून देतो, पाचशे लागतील" म्हणत होता.

तीस दिवस. दंडाधिकाऱ्यानं दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करायला तेवढेच मिळतात. हायकोर्टात करायचं असेल तर साठ. तीस दिवस पुष्कळ वाटतात. पण फेब्रुवारी संपला की आमच्याकडे चण्याची कापणी, मळणी सुरू होते, आणि मजूर आपल्या सवडीनं येतात. पहिल्या वकिलांकडेच अपील द्यायचं माझ्या मनात नव्हतं. अडीच वर्षं त्यांनी मला "काही होत नाही" सांगितलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी वकील शोधण्यात दोन आठवडे गेले. एकानं पस्तीस हजार सांगितले. दुसऱ्यानं कागद न वाचताच "पक्की सुटका" सांगितली, तिथून मी उठलो. तिसऱ्या एक मॅडम होत्या, चाळिशीच्या आत. त्यांनी दोन दिवस कागद ठेवून घेतले आणि मग बोलावलं. फी पंधरा हजार. माझ्यासारख्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट वकील मिळू शकतो हेही त्यांनीच सांगितलं, "तिकडे अर्ज करायचा असेल तर आत्ता करा, वेळ कमी आहे." मी त्यांनाच वकालतनामा दिला.

मग त्यांनी फाईल मिटून विचारलं, "काका, दारू कोणाची होती?"

पहिल्यांदाच कोणीतरी हा प्रश्न मला असा विचारला. मी सगळं सांगितलं. नाव, कधीपासून, कशी ठेवली असेल, सगळं. त्या ऐकत राहिल्या. एक अक्षरही लिहून घेतलं नाही. शेवटी म्हणाल्या, "यातलं काहीच आता कामाचं नाही."

अपील म्हणजे केस पुन्हा पहिल्यापासून चालणार, मी उभा राहून सांगणार, वरचे साहेब ऐकणार, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. तसं काही नसतं. खालच्या कोर्टात जे लिहून आलं, साक्षी, उलटतपासण्या, पंचनामे, माझा जबाब, तेवढीच फाईल वर जाते आणि तेवढ्यावरच वाद होतो. नवा पुरावा घ्यायची तरतूद कायद्यात आहे, पण ती फार क्वचित वापरतात, आणि "मला तेव्हाच माहीत होतं, पण सांगितलं नाही" याला तर कोणी दारात उभं करत नाही. माझी गोष्ट खरी असली तरी ती कागदावर नव्हती.

आता त्या दिवसाचं. सरकार पक्षाचे साक्षीदार संपले की कोर्ट आरोपीला स्वतः प्रश्न विचारतं. तेव्हा ते कलम ३१३ होतं. तुमच्याविरुद्ध असा असा पुरावा आलाय, काय म्हणणं आहे? मला तेवीस प्रश्न विचारले. पहिल्या वकिलांनी दारातच सांगून ठेवलं होतं, "प्रत्येकाला खोटं आहे म्हणा, बाकी तोंड उघडू नका." मलाही ते सोयीचंच होतं, घरच्या माणसाचं नाव घ्यावं लागत नव्हतं. तेवीस वेळा "खोटे आहे." झोपडी तुमच्या शेतात आहे का? खोटे आहे! म्हणजे स्वतःच्या शेतातली स्वतःची झोपडीसुद्धा मी नाकारली. शपथेवर नव्हतं म्हणून पाप लागलं नाही एवढंच.

दारूबंदी कायद्यात कलम १०३ आहे, ते मला मॅडमनी दोनदा वाचून दाखवलं. माणसाच्या ताब्यात मादक पदार्थ सापडला आणि तो ताब्यात कसा आला हे त्याला समाधानकारक सांगता आलं नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत त्यानं गुन्हा केला असंच गृहीत धरायचं. इतर गुन्ह्यांत गप्प राहणं तुम्हाला तारू शकतं. इथे गप्प राहिलं की गृहीतक अंगावर येतं. खालच्या कोर्टाच्या निकालात परिच्छेद चौदामध्ये हेच लिहिलं होतं: आरोपीने केवळ नकार दिला असून कोणताही खुलासा दिलेला नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"आता एक पायरी मागे जायचं," मॅडम म्हणाल्या. "गृहीत धरायच्या आधी ताबा सिद्ध व्हावा लागतो. ताबा त्यांनी सिद्ध केलाय का, आणि डबकीतलं तेच प्रयोगशाळेत पोचलं का, एवढंच बघायचं. तुम्ही चांगले आहात की वाईट, ते सोडून द्या."

अपील दाखल झालं १७ मार्चला. १९ तारखेला सत्र न्यायालयानं अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा स्थगित केली. पुन्हा जामीनदार, पुन्हा साळ्याची बायको, पण या वेळी कागद तयार होते. माझा तिसावा दिवस येत होता २५ मार्चला. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि देशात टाळेबंदीचा पहिला दिवस. सुप्रीम कोर्टानं १५ मार्चपासूनच्या मुदती वाढवल्या होत्या हे खरं, पण ती अपिलाची मुदत. खालच्या कोर्टानं मोजून दिलेल्या तीस दिवसांचं काय झालं असतं, ते मॅडमनाही सांगता आलं नाही. मी चण्याची मळणी उरकून पाडव्यानंतर जाणार होतो. मॅडमनी दोनदा फोन करून शिव्या दिल्या म्हणून १७ ला गेलो.

त्यानंतर दोन वर्षं काहीच झालं नाही. कोर्टं बंद, मग अर्धी उघडी, मग तारखा. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड मागवलं होतं, ते यायलाच कितीतरी महिने लागले. या काळाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की शिक्षा स्थगित झाली तरी दोष पुसला जात नाही. गावात मी शिक्षा झालेलाच होतो. तंटामुक्ती समितीतून नाव काढलं, कोणी सांगितलंही नाही, नवीन यादी लागली तेव्हा कळलं. आईनं मंडळाच्या बैठकीला जाणं आपणहून बंद केलं. एका संध्याकाळी तो घरातला माणूस आला, ओट्यावर बसला, पावसापाण्याचं बोलला, आणि जाताना उशीखाली पाच हजार रुपये ठेवून गेला. मी ते वापरले. त्याच्याशी यावर आजपर्यंत एक शब्द झालेला नाही.

सुनावणी झाली सप्टेंबर २०२२ मध्ये. पाऊण तास. मी मागच्या बाकावर. सत्र न्यायाधीशांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि विचित्र म्हणजे मला त्याचं बरं वाटलं.

मॅडमनी पंचांपासून सुरुवात केली. एक पंच फितूर झाला होता. दुसरा चौदा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावचा, आणि उलटतपासणीत त्यानंच कबूल केलं होतं की याच ठाण्याच्या तीन-चार पंचनाम्यांवर त्याच्या सह्या आहेत. झडतीला शक्यतो त्याच भागातले स्वतंत्र पंच घ्यावेत असं कायदा सांगतो. सरकारी वकील म्हणाले, पंच गेले तरी पोलिसांच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते. ते बरोबर आहे, होऊ शकते. त्या मुद्द्यावर साहेबांनी मान हलवली तेव्हा माझा जीव खाली गेला.

मग नमुना. पंचनाम्यात दोन डबक्या. नमुना काढला एकीतून की दोन्हींतून, ते नीट लिहिलेलंच नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात एकच बाटली. ती नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पोचली एकोणीस दिवसांनी. मधले एकोणीस दिवस ती कुठे होती? मालखान्याचं, म्हणजे ठाण्यात जप्त माल ठेवतात त्या खोलीचं, रजिस्टर कोर्टात आलेलं नाही. बाटली घेऊन गेलेल्या शिपायाची साक्ष नाही. पंचनाम्यात "सीलबंद" लिहिलंय, पण सीलचा ठसा पंचनाम्यावर नाही, तेव्हा अहवालातलं सील तेच हे कशावरून? अहवालात इथिल अल्कोहोल निघालं यात वाद नाही. पण ते माझ्या झोपडीतल्या डबकीतलं होतं, हे जोडणारा मधला दोरा नव्हता.

आणि मग ते एक वाक्य. तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत, तिसऱ्या पानाच्या तळाशी: "हे म्हणणे खरे आहे की, मी सदर शेताचा सातबारा जप्त केला नाही. हे म्हणणे खरे आहे की, झोपडीला दार नाही." हा प्रश्न माझ्या पहिल्या वकिलांनीच विचारला होता. घाईघाईत, दुसरी केस पुकारायच्या आत, सहज. मी तेव्हा कोर्टात हजर होतो आणि मला तो प्रश्न बावळटपणाचा वाटला होता. दार नाही हे कोणालाही दिसतं की! ज्या माणसाला मी दोन वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्या त्या दोन प्रश्नांवर माझं अपील उभं होतं. शेत वडिलांनंतर आम्हा चौघांच्या नावावर आहे. पण सातबारा मी आता दाखवून उपयोग नव्हता; त्यांनी तो आणलाच नाही, हे महत्त्वाचं. उघडी झोपडी, रस्त्याला लागून शेत, मालकीचा कागद नाही. मग एकट्या माझा, जाणूनबुजूनचा ताबा कशावरून?

सरकारी वकिलांनी पंचनाम्यावरची माझी सही दाखवली. साहेबांनी विचारलं, "सही नाकारलीय का?" मॅडम म्हणाल्या, "जबाबात सगळंच नाकारलंय, त्यामुळे त्या नकारालाही फार किंमत देऊ नये." एक-दोघं हसले. मीही हसलो असतो, पण पिंजऱ्यात तेवीस वेळा ते म्हणणारा मीच होतो.

निकाल नोव्हेंबरात. अपील मंजूर, दोषसिद्धी रद्द, आरोपीची निर्दोष मुक्तता, दंड भरला असल्यास परत करावा. मुक्तता संशयाचा फायदा देऊन. मी मॅडमना म्हटलं, यात कुठेच लिहिलेलं नाही की दारू माझी नव्हती. त्या म्हणाल्या, "काका, ते कोणी विचारलंच नव्हतं." गावातही लोक "सुटला" म्हणतात. "नव्हताच तो" असं आईशिवाय अजून कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

दंडाचे दहा हजार परत मिळवायला पुन्हा खालच्या कोर्टात अर्ज करावा लागला. सोबत अपिलाच्या निकालाची प्रमाणित प्रत, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि दंड भरल्याची मूळ पावती. ती पावती साळ्याच्या बायकोनं त्या संध्याकाळपासून आपल्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवली होती. पैसे सात महिन्यांनी खात्यात आले. त्यातले पाच हजार मी त्या घरातल्या माणसाच्या उशीखाली ठेवून आलो.

निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात मुद्देमालाचा आदेश आहे. दारू तपासाच्या वेळीच नष्ट केलेली होती. उरल्या होत्या डबक्या: "दोन निळ्या प्लास्टिक डबक्या मूल्यहीन असल्याने नष्ट करण्यात याव्यात." बाजारात तशी एक आता एकशे ऐंशीला येते. फवारणीचे दिवस होते, तेव्हा मी दोन घेतल्या, आणि झोपडीला दारही बसवलं.